मातीचे गाल

थंडी पडायला लागली की मी घाबरतो. हे कुणाला सांगितलं तर हसतील, कारण आमच्या बदलापुरात लोक थंडीची वाट बघतात. सकाळी नदीवरून धुकं वर येतं, कानटोप्या बाहेर निघतात, चहाच्या टपरीवर माणसं हात चोळत खुशीत उभी असतात. मी मात्र माझ्या शेडमध्ये जाऊन आधी रबराचा डबा उचलतो आणि हलवून बघतो. गारठ्यात सिलिकॉन रबर जड होतं. ब्रशावरून खाली उतरायला तयार होत नाही. ते घट्ट करणारा हार्डनर घातला तरी कधी धरेल याचा भरवसा नसतो.

इतकी वर्षं मी हेच काम करतो आहे. चेहरा मातीत घडवायचा, त्यावर रबर चढवायचं, रबर वाळून घट्ट झालं की ते सोलून काढायचं आणि त्या साच्यात पातळ रेझिन ओतायचं, ते दगडासारखं कडक होतं. कुणाचे आजोबा, कुठल्या शाळेचे संस्थापक, कुणाच्या देवघरातले महाराज. हात सरावले आहेत. पण वर्षातला पहिला गार दिवस उजाडला आणि मी एखाद्या चेहऱ्यावर रबराचा पहिला हात द्यायला ब्रश उचलला, की जुनी भीती परत येते. तीच, जी त्या हिवाळ्यात शिरली होती.

नव्वदीच्या दशकातला तो हिवाळा. मी आर्ट स्कूलमधून नुकताच बाहेर पडलो होतो आणि उल्हासनगरला, कॅम्प तीन नावाच्या वस्तीत, गोपशेठकडे कामाला लागलो होतो. जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत दोन शिलाईच्या गाळ्यांमध्ये दाबून बसवलेला एक लांबट गाळा म्हणजे आमचा कारखाना. दोन्ही बाजूंनी शिलाई मशिनांची घरघर आणि मध्ये आम्ही. कपड्यांच्या दुकानात उभे असतात ते पुतळे आम्ही करायचो. हात वेगळे, धड वेगळं, डोकी वेगळी. भिंतीवर खिळ्यांना डोकी टांगलेली असायची. सगळ्यांचा एकच चेहरा, एकच अर्धवट हसू. संध्याकाळी दिवा लावायला आत जायची वेळ आली की मी त्यांच्याकडे न बघता बटण चाचपायचो.

मी मुळात भित्रा. गोपशेठने पहिल्याच दिवशी ते ओळखलं होतं. त्याने मला दोन बाटल्या दाखवल्या. एक जांभळी, रेझिनला वेग देणाऱ्या कोबाल्टची. दुसरी पाण्यासारखी स्वच्छ, हार्डनरची. दोन्ही रेझिनमध्ये घालाव्या लागतात, पण एकानंतर एक, आणि मधे नीट ढवळून.

"आर्टिस्ट, ये दोनों सगे भाई हैं," गोपशेठ म्हणाला. "रेझिन के अंदर मिलने दे, कोई लफडा नहीं. बाहर आमने-सामने मिले ना, तो सीधा आग. मैं मस्ती नहीं कर रहा, समझा?"

त्या दिवसापासून मी एक बाटली गाळ्याच्या या टोकाला ठेवायचो आणि दुसरी त्या टोकाला. तरी घरी निघताना परत जाऊन बघायचो. गोपशेठ कुलूप हातात घेऊन उभा. "जा जा, भाई लोग सो गये क्या देख के आ."

आमचे सगळे साचे प्लास्टरचे असायचे आणि ते फुटायचे. मग एक दिवस गोपशेठने सिलिकॉन रबराचा डबा आणला. आमच्या गल्लीत ते नवीनच होतं. रबर असल्यामुळे साचा वाकतो, सोलून निघतो, फुटत नाही, आणि मूर्तीवरचा केसाएवढा ओरखडासुद्धा त्यात उतरतो. गोपशेठने डब्यावर थाप मारली आणि म्हणाला, "दुकान के माल पे बाद में. पहले घर का कोई चेहरा बना के ट्राय कर. बिगड़ेगा तो घर का बिगड़ेगा, धंदे का तो नहीं."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मीही हसलो. नंतरचे दोन महिने ते वाक्य माझ्या कानात शिलाई मशिनासारखं घरघरत राहिलं.

घरचा चेहरा म्हणजे बाबांचाच. दुसरं कोण बसणार? बाबा अंबरनाथला एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टचे अधिकारी होते. त्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदाच लांब रजा घेतली होती. पित्त झालंय म्हणायचे. जेवण जात नव्हतं. सकाळी ओट्यावर ऊन आलं की खुर्ची टाकून बसायचे. मी त्यांच्यासमोर स्टूल ठेवला, लाकडी फळीत दांडा ठोकला, आणि त्यावर माती चढवायला सुरुवात केली.

माती चामटोलीची होती. चामटोली आईचं माहेर. तिथल्या तळ्याच्या काठची माती चिकण, काळपट, हाताला लोण्यासारखी. मामांनी पोत्यातून आणून दिली होती. मुलगा मूर्ती करणार म्हणून आईनेच निरोप धाडला होता. तिला वाटलं देवाची. माती मळायला ती स्वतः बसली. खडे निवडून काढले, पाणी मारलं, भाकरीच्या पिठासारखी मळली. मग दोनतीन दिवसांनी ती चहा घेऊन ओट्यावर आली आणि तिला मातीत नाक दिसलं. ते नाक कुणाचं हे सांगायची गरज नव्हती.

"माझ्या माहेरची माती," ती म्हणाली, "आणि तीत माझाच नवरा?"

"बघ, सारखं आलंय ना?" बाबा म्हणाले. "मी त्याला सांगितलं, नाक जरा बारीक काढ. फुकटात होतंय तर करून घेतो."

आई हसली नाही. "जित्या माणसाचा करतात का असला पुतळा?"

"अगं, मी असताना केला तर निदान मला दिसेल तरी. गेल्यावर कोण बसणार आहे इथे उन्हात?"

आईने चहाचा कप खाली ठेवला, चहा बशीत सांडला, आणि ती आत गेली. बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मला त्यांचा तो डोळा मारलेला चेहरा आजही आठवतो, कारण मी घाईघाईने त्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या मातीत ओढल्या. त्या तिथे राहिल्या.

माती ओली ठेवावी लागते. काम थांबलं की तिच्यावर भिजवलेलं कापड टाकायचं, नाहीतर ती सुकते आणि तडकते. मी बाबांचं जुनं धोतर फाडून ओलं करून टाकायचो. एके दिवशी सकाळी आई अंगण झाडायला बाहेर आली आणि झाडू तिथेच टाकून आत पळाली. ओट्यावर, धुक्यात, डोक्यावरून पांढरं कापड ओढलेला तिचा नवरा बसला होता. संध्याकाळी मी कामावरून आलो तर पांढरं कापड गेलं होतं. त्या जागी तिच्या हिरव्या सुती साडीचा तुकडा नीट पिळून, चारही बाजूंनी खोचून ठेवला होता. तेव्हापासून मातीवर पाणी मारायचं काम तिचंच झालं. मी दुपारी घरी नसताना माती कधी सुकली नाही.

मग गालांचं सुरू झालं.

चेहरा घडवताना मापं घ्यावी लागतात. कपाळाची रुंदी, नाक ते हनुवटी, कानापासून कान. ती मापं मी पहिल्याच आठवड्यात घेतली होती आणि ती बरोबर होती. पण रोज सकाळी बाबा समोर बसले की मातीचे गाल जास्त भरलेले वाटायचे. मी लोखंडी पत्तीने थोडे खरवडायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जास्त वाटायचे. पुन्हा खरवडायचो. कानशिलं भरलेली दिसायची, तिथलीही माती काढायचो. मला वाटलं माझा हात कच्चा आहे. आर्ट स्कूलमधले सर म्हणायचे की नवशिका माणूस हाडापेक्षा मांस जास्त घालतो. मी स्वतःला तेच सांगत राहिलो.

एका सकाळी मी पत्ती गालावर ठेवली आणि हात तिथेच थांबला. बाबा उन्हात डोळे मिटून बसले होते. गालाच्या हाडाखाली सावली पडली होती. ती सावली मी सुरुवातीला केलेल्या चेहऱ्यावर नव्हती, आणि ती माझी चूक नव्हती. हाडांची मापं तीच होती. त्यांच्यावरचं काहीतरी रोज थोडं थोडं निघून जात होतं आणि मी पत्तीने त्याच्या मागोमाग जात होतो. पायाखालचा ओटा थंड लागत होता. मी पत्ती पाण्याच्या वाटीत टाकली.

स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती. मी म्हटलं, "आई, बाबा फार वाळलेत. हे पित्त नाही. मला रोज गालांची माती काढावी लागतेय."

तिचे हात परातीत थांबले. आईचं लग्न होऊन ती अंबरनाथला, मग बदलापूरला आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहून तिचं बोलणं आमच्यासारखं झालं होतं. पण घाबरली की चामटोली परत यायची.

"तू कशाला खरवडतंस?" ती म्हणाली. "तू रोज खरवडतंस म्हनून त्यांचे गाल बसले. मना दिसत नाय काय? सकाली तू काढतंस, दुपारी त्यांना जेवन जात नाय."

"आई, काय बोलतेस? ते वाळतायत म्हणून मी काढतोय."

"आधी तू काढलंस."

मी शिकलेला माणूस. मी तिला समजावायला हवं होतं. मी तोंड उघडलं, पण मला खरंच आठवेना. पहिल्या दिवशी, अगदी पहिल्या दिवशी, आधी काय झालं होतं? बाबांचे गाल आधी बसले होते की मी आधी माती काढली होती? आज पन्नाशी उलटल्यावर मला त्याचं उत्तर माहीत आहे. त्या सकाळी ते माझ्याकडे नव्हतं, आणि थंडीत ते अजूनही थोडा वेळ माझ्याकडे नसतं.

बाबांना मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. पोटात गाठ होती. उल्हासनगरच्या एका इस्पितळात त्यांना दाखल केलं. सर्जन चांगला माणूस होता, पण त्याने एकच सांगितलं, "गाठ कसली आहे ते उघडल्यावरच कळेल." ऑपरेशन सोमवारी ठरलं. बाबा पलंगावर बसून म्हणाले, "विन्या, तुझं डोकं पूर्ण झालं का रे? नाहीतर मी येईपर्यंत थांब. नाकावर माझा विश्वास नाही."

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. मी ओट्यावर बसून हिरवा तुकडा उचलला. आत बाबा होते. जसे इस्पितळात होते तसेच, अगदी हुबेहूब. बसलेले गाल, वर आलेली हाडं. इतकं सारखं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. कुठल्याही परीक्षकाने पाठ थोपटली असती.

मी पोत्यातली माती घेतली, मळली, आणि गाल भरले.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी सावकाश, अंगठ्याने, एकेक गोळी लावत बाबांचे गाल भरले. कानशिलं भरली. हनुवटीखाली थोडं मांस दिलं, कारखान्यातून डबा खाऊन यायचे तेव्हा असायचं तसं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की चेहरा बरा दिसावा म्हणून करतोय. ते खोटं होतं. मला वाटत होतं की सकाळपर्यंत तिकडे इस्पितळात काहीतरी परत येईल. भरून झाल्यावर मी ओलं कापड टाकलं आणि हात धुतले. आई आत दिवा लावत होती. तिने बाहेर येऊन कापड बाजूला केलं, बघितलं, आणि पुन्हा खोचलं.

रविवारी सकाळी मामा बाबांजवळ बसायला गेले. रबर चढवायचं तर त्याच दिवशी. सोमवारपासून आम्ही दोघंही इस्पितळात राहणार, मातीवर पाणी मारायला घरी कुणी नसणार, आणि माती तडकली तर चेहरा गेला. मी डबा उघडला. गारठ्याने रबर घट्ट श्रीखंडासारखं झालं होतं. कापड काढलं.

उजव्या गालावर, मी भरलेल्या जागेवर, काळा ठिपका होता.

काजळ. आई घरी करायची ते, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, तुपात कालवलेलं. लहान मुलाचे गाल भरले, ते गुबगुबीत दिसायला लागलं, की दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी तीट. तिने बोट चांगलं दाबलं होतं. ओल्या मातीत छोटा खळगा पडला होता आणि खळग्यात काजळाच्या खाली बोटाच्या रेषा दिसत होत्या.

तेलकट जागेवर रबर कधीकधी धरत नाही, चिकट राहतं. एक ठिकाण चिकट राहिलं तर सोलताना तिथूनच फाटतं. गोपशेठने हे मला दहा वेळा बजावलं होतं. बोटावर थोडी माती घेऊन खळगा बुजवणं हे क्षणभराचं काम होतं. कुठल्याही कारागिराने तेच केलं असतं. मी माती घेतली, बोट गालापर्यंत नेलं, आणि मागे घेतलं. ठिपका पुसला आणि उद्या काही झालं तर? ठिपका ठेवला आणि चेहरा फाटला तर? दोन्हीकडे बाबाच होते. मी माती वाटीत टाकली आणि ठिपका राहू दिला.

पहिला हात पातळ असतो. सुरुवात मी हनुवटीपासून केली, कारण तिथे मला कमी भीती वाटत होती. पांढरं रबर हनुवटीवर पसरलं, ओठांच्या कडेला आलं. ओठ झाकले. मग नाकाशी आलो आणि ब्रश पुढे जाईना. दारात आई उभी होती. किती वेळची, ठाऊक नाही.

"नाक तरी उघडं ठेव रे," ती म्हणाली. "श्वास कोंडंल."

"आई, माती आहे ती."

"मना म्हाईत हाय माती हाय. मीच मळली ना? तरी नाक ठेव."

मी नाक ठेवलं. कपाळ केलं, डोळे केले, कान केले, गालावरून काळ्या ठिपक्यावरून ब्रश नेला. सगळा चेहरा पांढरा झाला आणि मध्ये फक्त नाकाची दोन काळी भोकं उरली. ती झाकल्याशिवाय साचा होत नाही. मी डोळे मिटून ती झाकली. आईने पदर तोंडाशी धरला होता.

रबरात हवेचे बुडबुडे राहतात. ते तसेच राहिले तर साच्यात भोकं पडतात आणि रेझिनच्या चेहऱ्यावर फोड येतात. म्हणून पहिला हात दिला की जवळ जाऊन फुंकर मारायची, बुडबुडा फुटतो. मी खाली वाकून फुंकर मारायला लागलो. कपाळावर, पापण्यांवर.

"हे काय करतंस?"

"बुडबुडे फोडतोय. राहिले तर चेहऱ्यावर फोड दिसतात."

ती ओट्यावर आली. साडी सावरून दुसऱ्या बाजूने वाकली आणि फुंकायला लागली. मुलाचं ढोपर फुटल्यावर फुंकतात तसं, ओठ गोल करून, हलकेच. ती त्या गालावर, मी या गालावर. थंडीत आमच्या दोघांच्या तोंडून वाफ निघत होती. खाली चेहऱ्यात श्वास नव्हता आणि वरून आम्ही दोघं आमचा घालत होतो. कुणी रस्त्यावरून बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. त्यानंतरच्या आयुष्यात मी आईच्या इतका जवळ कधी वाकलो नाही.

पुढच्या थराला बळकटी यावी म्हणून जाळीचं बँडेज लावतात. ते मी इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानातूनच घेतलं होतं. चेहऱ्यावर बँडेजच्या पट्ट्या बसवताना आई आत निघून गेली. तेवढं तिला बघवलं नाही. मलाही नाही, पण मला जायला जागा नव्हती. वरून प्लास्टरचं कवच केलं, तेव्हा ओट्यावर फक्त एक पांढरा दगड उरला. त्याला चेहरा नव्हता.

सोमवारी इस्पितळाच्या लांब पडवीत आम्ही बाकावर बसलो होतो. फिनेलचा वास, आणि माझ्या शर्टाला लागलेला रबराचा आंबूस वास. बाबांना आत नेलं होतं. मी काय विचार करत होतो हे लिहायला मला अजून जड जातं. मी गालावरच्या ठिपक्याचा विचार करत होतो. तिथलं रबर धरलं असेल का? ती जागा चिकट राहिली असेल का? आत माझ्या बापाचं पोट उघडलं होतं आणि मी एका तेलकट ठिपक्यात अडकलो होतो. जणू तिथलं रबर धरलं तर सगळंच धरेल. शेजारी आई डोळे मिटून ओठ हलवत होती. मी तिच्याकडे बघितलं असेन, पण तिचा चेहरा तेव्हा कसा दिसत होता ते मी सांगू शकत नाही. मी तो पाहिला नाही.

गाठ साधी निघाली. सर्जन टोपी काढत बाहेर आला आणि म्हणाला, "घाबरायचं कारण नाही." मामा मोठ्याने रडले. आई उठून सर्जनच्या पाया पडायला गेली, तो मागे सरकला. मी बाकावरच बसून राहिलो.

बाबा घरी येईपर्यंत साचा उघडायचा नाही, असं आईने सांगून टाकलं. उघडताना आतली माती मोडते, चेहऱ्याचे तुकडे होतात. ते घरात नसताना त्यांचा चेहरा मोडायचा नाही. गोपशेठ रोज विचारायचा, "क्या आर्टिस्ट, मोल्ड खुला?" मी कारण सांगितलं तर तो पहिल्यांदाच हसला नाही. "ठीक है," म्हणाला. "घरवाला आएगा, घरवाला खोलेगा."

आणि तसंच झालं. बाबा आले, काठी टेकत ओट्यावर बसले, अंगात दोन स्वेटर. कवच काढलं. मी डोक्याच्या मागून रबराला चीर दिली आणि बाबांनी हात पुढे केला. "सरक. माझं डोकं आहे, मी काढतो." ते दोन्ही हातांनी चामटोलीची माती उकरून काढायला लागले. कपाळ गेलं, नाक गेलं. "हे बघ, मेंदू काही सापडत नाही," असं म्हणत त्यांनी मूठभर माती आईपुढे धरली. आई दार धरून उभी होती. आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली.

रबर धुतलं. साच्याच्या आत चेहरा उलटा असतो, खोलगट, पण बघत राहिलं की तो बाहेर येतो आणि आपण हलू तसा आपल्याकडे वळतो. उजव्या गालाशी रबर जरासं चिकट आणि काळपट राहिलं होतं. फाटलं मात्र नव्हतं. महिनाभराने कारखान्यात रेझिन ओतून मी पहिला चेहरा काढला, त्या दिवशी दोन्ही बाटल्या चार वेळा तपासल्या. घरी आणून ओट्यावर ठेवला.

बाबा बघत राहिले. "हा कोण सुखवस्तू गृहस्थ? माझा भाऊ का?" मग गालावरून बोट फिरवलं. "आणि हे काय?"

"तीट," आई आतून म्हणाली.

बाबा इतके हसले की टाक्यांवर हात धरून बसले. पुढे कित्येक वर्षं पाहुणे आले की ते हा किस्सा रंगवून सांगायचे. मातीच्या पुतळ्याला तीट लावणारी बायको! पाहुणे हसायचे. मीही हसायचो. आई चहा ठेवायला आत जायची. गाल कुणी भरले होते हे मी तेव्हा सांगितलं नाही. घाबरटपणा एकट्या तिच्या नावावर राहिला. माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट हीच. ती जे बोलली ते मी केलं होतं. तिच्याइतकाच विश्वास ठेवून, तिच्याहून जास्त घाबरून. आणि मग चारचौघांत बसून मी तिच्यावर हसलो.

बाबा नंतर पुष्कळ जगले. गाल भरले, पुतळ्यासारखे झाले, मग म्हातारपणी पुन्हा बसले. आई त्यांच्या आधी गेली. कुठलाही हिवाळा नव्हता, कुणी घाबरलेलं नव्हतं. एका दुपारी बदलापूरच्या भाजीबाजारातून आली, पिशवी ठेवली, पाणी मागितलं. तेवढंच. तिच्यासाठी घाबरायला आम्हाला वेळच मिळाला नाही. मी तिला कितीदा म्हटलं होतं, एकदा बस, तुझाही चेहरा करतो. "माझा नको," म्हणायची. "मला कामं आहेत."

ती गेल्यावर मी खूप प्रयत्न केला. फोटो आहेत, पण फोटोत ती नेहमी कुणालातरी पुढे सरकवून मागे उभी. माती चढवतो, नाक येतं, कपाळ येतं, आणि गालाशी आलो की हात थांबतो. तिचे गाल कसे होते? बसलेले, भरलेले? हाडाखाली सावली पडायची का? बाबांच्या गालातली गुंजभर घट मला सकाळच्या उन्हात कळली होती. ती रोज त्याच ओट्यावर चहा घेऊन यायची. तिच्याकडे मी मान वर करून बघितलं ते कप घेण्यापुरतं.

आजही मी कुणाचा चेहरा करतो तेव्हा गाल फोटोपेक्षा किंचित भरतो. गिऱ्हाइकांना वाटतं ही माझी शैली आहे.

तो जुना साचा केव्हाच गेला. असलं रबर काही वर्षांत ठिसूळ होतं, हात लावला की तुकडे पडतात. रेझिनचा चेहरा टिकला, पण पिवळा पडला आणि मागून तडा गेला. म्हणून या थंडीत मी त्याच्यावरच नवं रबर चढवायला घेतलं. आज सकाळी शेडमध्ये तो स्टूलवर ठेवला, ओल्या फडक्याने पुसला. उजव्या गालावरच्या खळग्यात धूळ बसली होती ती मऊ ब्रशाने काढली. भिंग लावून बघितलं. रेषा आहेत. गोल गोल जाणाऱ्या, मध्ये एक तिरपी चीर, विळीवर कापल्याची असावी. आईच्या अंगाचं तेवढंच माझ्याजवळ आहे. मी माझं बोट त्यात ठेवून बघितलं. बसत नाही. तिचं बोट माझ्यापेक्षा बारीक होतं, हेही मला आज कळलं.

रबर कालवलं. हार्डनर घातला, ढवळला. भीती होतीच. इतकी वर्षं मी पहिला हात हनुवटीपासून सुरू करतो आणि नाक शेवटी ठेवतो. आज ब्रश हनुवटीपर्यंत गेला आणि मी तो वर नेला. त्या खळग्यात रबराचा पहिला थेंब सोडला. त्यात एक बुडबुडा राहिला होता. मी वाकलो आणि हळूच फुंकर मारली.